जुना छोटा ट्रॅक्टर गरम होतो? बागेतून सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) उरकली, फवारणीचे ब्लोअर जोडले गेले की चार-सहा दिवसांत फोन सुरू होतात: "पाणी उकळलं", "काटा लालवर गेला", "मेस्त्री हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलायचं म्हणतोय, खोलू का?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डोळ्यांसमोर आहेत द्राक्षबागेत चालणारे १५ ते २५ एचपीचे, दहा-पंधरा वर्षं वापरलेले ट्रॅक्टर. म्हणजे मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डीसारखे तीन सिलिंडरचे किंवा युवराज २१५सारखे एक सिलिंडरचे. उसात, डाळिंबात किंवा भाजीपाल्यात चालवत असाल तरी बहुतेक उत्तरं तशीच लागू पडतील. बोल्टचे टॉर्क आणि लिटरचे आकडे मात्र आपापल्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या.

१. इंजिन "गरम झालं" म्हणजे नक्की किती? काटा कुठे गेला की घाबरायचं?

इंजिन गरम व्हायलाच हवं. पाण्याचं तापमान साधारण ७५ ते ९५ अंशांत खेळत असेल तर सगळं ठीक आहे. जुन्या ट्रॅक्टरवरच्या मीटरला आकडे नसतात, नुसते हिरवा-लाल पट्टे असतात. त्यामुळे पट्ट्यापेक्षा सवय महत्त्वाची. तुमच्या ट्रॅक्टरचा काटा रोजच्या कामात कुठे थांबतो ते लक्षात ठेवा, जमल्यास काचेवर पेनने खूण करा. रोज मध्यावर थांबणारा काटा आज त्याच कामाला दोन बोटं पुढे गेला असेल, तर लाल लागायची वाट पाहू नका. उकळण्याआधी आठवडाभर ट्रॅक्टर असा इशारा देत असतो. आपलं लक्ष ओळीवर असतं, मीटरवर नसतं.

२. पाणी उकळून वाफ बाहेर आली. त्या क्षणी काय करायचं?

आधी पीटीओ (ब्लोअर-रोटाव्हेटरला फिरवणारा मागचा दांडा) सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि इंजिन हळू रेसवर तीन-चार मिनिटं चालू ठेवा. लोडवरून एकदम बंद केलं की पाणी जागच्या जागी थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. पण पट्टा तुटला असेल, होज फुटून पाणी संपलं असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर एक क्षणही चालवू नका, लगेच बंद करा.

मग झाकणाला हात न लावता अर्धा-पाऊण तास थांबा. ही नुसती सांगायची गोष्ट नाही. झाकणाखालचं पाणी १०० अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवलं की ते एका झटक्यात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. थंड झाल्यावर गोणपाट टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबली की मगच काढा. तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी बादलीने ओतू नका, हेडला तडा जातो. पाणी घालायचंच असेल तर इंजिन हळू चालू ठेवून, कोमट पाणी, बारीक धारेने घाला.

३. कारण शोधायला सुरुवात कुठून करायची?

पान्याने नाही, एका प्रश्नाने: गरम *केव्हा* होतो? फोनवर आम्ही हेच आधी विचारतो आणि निम्मं निदान तिथेच होतं.

सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांत, बिनलोडचा गरम झाला, तर पाणी फिरतच नाही किंवा जळीत वायू पाण्यात घुसतोय. पाणी कमी, हवा अडकलेली, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वाल्व्ह) चिकटलेला, पट्टा तुटलेला, नाहीतर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलेलं (प्र. १०, १३, १७, २१).

ब्लोअर किंवा रोटाव्हेटरवर अर्ध्या तासाने गरम होतो आणि लोड काढला की उतरतो, तर पाणी फिरतंय, उष्णता बाहेर पडत नाहीये. म्हणजे रेडिएटर बाहेरून किंवा आतून बसलाय (प्र. ४, ६). आमच्याकडे येणारे सर्वांत जास्त ट्रॅक्टर याच गटातले.

रस्त्याने ट्रॉली ओढताना ठीक आणि बागेत गरम, तर पंखा, पट्टा आणि पंख्याभोवतीचं कव्हर बघा. चारचाकीला वेगामुळे वारा आपोआप मिळतो. बागेत ताशी दोन-तीन किलोमीटरने चालणाऱ्या ट्रॅक्टरला मिळणारा सगळा वारा त्याच्या पंख्याचाच असतो.

आणि गरम होताना काळा धूर निघत असेल, तर आधी एअर फिल्टर बघा आणि एक गिअर खाली घ्या. इंजिन दमून ओढतंय, त्यात रेडिएटरचा दोष नसेलही.

४. पुढची जाळी स्वच्छ दिसते. तरी तुम्ही रेडिएटर धुवा म्हणता. का?

कारण घाण जाळीत नसते, जाळीच्या मागे असते. बहुतेक ट्रॅक्टरचा पंखा हवा समोरून आत ओढतो. गवताची कुसळं, वाळलेली पानं, छाटणीचा भुसा बाहेरच्या जाळीतून निसटतो आणि रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसतो. बॉनेट उघडून समोरून बॅटरी मारा आणि पंख्याच्या बाजूने बघा. उजेड आरपार दिसत नसेल तर वाराही जात नाही.

द्राक्षबागेत याला औषधाची जोड मिळते. भुरी रोगासाठी गंधक, डाऊनी रोगासाठी मँकोझेब किंवा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), आणि प्रत्येक टाकीत स्टिकर. ओळ संपवून वळलं की आपणच मारलेल्या तुषारात ट्रॅक्टर शिरतो, आणि पंखा तो तुषार रेडिएटरमधून ओढून घेतो. स्टिकरचं कामच चिकटवणं. पानावर औषध चिकटवतो तसाच तो पत्र्यावर धूळ चिकटवतो. दहा-बारा फवारण्यांनंतर तिथे पिवळट-निळसर पापुद्रा तयार होतो, तो नुसत्या हवेच्या फुंकरीने निघत नाही. ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर बोर्डोमधलं तांबं त्याला खातंसुद्धा.

धुवायची रीत अशी: इंजिन पूर्ण थंड करा, पाण्यात थोडी भांडी घासायची पावडर किंवा सौम्य साबण मिसळून पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेने मारा. घाण आली त्याच वाटेने परत गेली पाहिजे. दहा मिनिटं भिजू द्या, मग साध्या नळीच्या धारेने धुवा. समोरून मारलंत तर कचरा आणखी आत ठासला जातो. फवारणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, आणि गंधकाची भुकटी धुरळली असेल तर त्याच दिवशी.

५. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन घेतला तर चालेल?

नको. ती धार किंवा आपल्या फवारणीच्या एचटीपी पंपाची गन जवळून मारली की पातळ पत्रे आडवे होतात आणि कायमची वाट बंद होते. वाकलेले पत्रे बोथट सुरीने किंवा जुन्या कंगव्याने एकेक सरळ करता येतात. त्यात अख्खी दुपार जाते.

६. आम्ही रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी टाकतो. त्याने खरंच बिघडतं?

ठिबकच्या नळ्या आठवा. ड्रिपरच्या तोंडाशी जो पांढरा खडा धरतो, तो पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. थंड पाण्यात हे होत असेल, तर ९० अंशांच्या पाण्यात काय होईल? पाणी तापलं की विरघळलेले बायकार्बोनेट मोडतात आणि कार्बोनेटचा थर धरतो. तोही नेमका जिथे सर्वांत तापलेलं लोखंड आहे तिथे, म्हणजे सिलिंडरभोवती आणि हेडमध्ये. हा थर उष्णता अडवतो. मग रेडिएटरचं पाणी ठीक दिसतं, मीटर ठीक दाखवतो आणि हेड आतून भाजत असतं.

एकदा भरलेल्या पाण्यातून थोडाच क्षार बसतो. खरं नुकसान होतं ते रोज टॉप-अप केल्याने. गळका होज तसाच ठेवून रोज सकाळी अर्धा लिटर बोअरचं पाणी ओतणारा माणूस वर्षभरात दीडशे-पावणेदोनशे लिटर पाण्यातला क्षार चार लिटरच्या जागेत साठवतो. बागेच्या पाण्याचा ईसी (क्षारांचं प्रमाण) आणि पीएच आपण तोंडपाठ सांगतो, तेच पाणी इंजिनात ओतताना विचार करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

७. मग आरओचं किंवा पावसाचं पाणी टाकू?

क्षाराच्या दृष्टीने दोन्ही चांगली. पागोळीचं पाणी घेणार असाल तर पहिला पाऊस जाऊ द्या आणि फडक्यातून गाळून घ्या. पण नुसतं शुद्ध पाणी भरून विसरू नका. त्यात खडा धरत नाही, पण गंज थांबवणारं काही नसल्याने लोखंड गंजतं. शुद्ध पाणी कूलंटमध्ये मिसळण्यासाठी घ्या. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणीही तेवढंच चांगलं.

८. आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग कूलंटवर पैसे का घालायचे?

निफाडला थंडीत पारा एक-दोन अंशांवर उतरतो खरा, पण पाणी गोठायची भीती हे कूलंट वापरायचं मुख्य कारण नाहीच. त्यातली गंजरोधक रसायनं वॉटर पंप, हेड आणि रेडिएटर वाचवतात. शिवाय ग्लायकॉलमुळे उकळायचं तापमान काही अंशांनी वाढतं. वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारी सिलिंडरची नळी, असलेल्या इंजिनांत आणखी एक फायदा आहे. लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षं लोखंड कुरतडत जातात. लायनरला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात ती यामुळे. चांगल्या कूलंटचा थर हे रोखतो.

डब्यावर "रेडी टू यूज" लिहिलंय की कॉन्सन्ट्रेट, ते वाचा. रेडी टू यूजमध्ये पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये डब्यावरच्या प्रमाणात घालायचं, सहसा निम्मं. "जास्त कूलंट, जास्त थंड" हा समज उलटा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, त्यामुळे नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलेला ट्रॅक्टर जास्त तापतो. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग असतो, प्रकार डब्यावर लिहिलेला असतो. दोन प्रकार एकत्र करू नका. जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंट दोन वर्षांनी बदला.

एक इशारा: हे विष आहे आणि चवीला गोड लागतं. काढलेला कूलंट गोठ्याजवळ उघड्या घमेल्यात ठेवू नका. कुत्रं पितं आणि मरतं. लहान मुलांचीही तीच भीती.

९. ठिबक साफ करायचं ॲसिड घरात आहेच. ते रेडिएटरमध्ये फिरवलं तर क्षार निघेल ना?

क्षार निघेल, आणि त्यासोबत रेडिएटरही. ठिबकचे पाइप प्लॅस्टिकचे, त्यांना हायड्रोक्लोरिक ॲसिड चालतं. तेच ॲसिड ॲल्युमिनियम, झाळ आणि लोखंड खातं. असं करून आणलेल्या एका रेडिएटरमधून आम्ही पाणी भरलं तेव्हा सतरा ठिकाणी धार लागली होती.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड चालतं. आधी कूलंट काढा, एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम या प्रमाणात भरा, इंजिन कामाच्या तापमानाला आणून अर्धा तास चालवा, थंड करा आणि सोडा. मग स्वच्छ पाणी भरून, चालवून, सोडून असं तीन-चार वेळा करा. शेवटच्या आधीच्या खेपेला चमचाभर खाण्याचा सोडा टाकला तर उरलेली आंबटाई मरते. ॲल्युमिनियमला बाजारात मिळणारं रेडिएटर फ्लशच वापरा, आणि ते ॲल्युमिनियमला चालतं असं डब्यावर लिहिलेलं असू द्या.

थर फार जाड असेल तर सुटलेले खपले नळ्यांत अडकतात आणि धुतल्यावर ट्रॅक्टर आधीपेक्षा जास्त गरम होतो. मग रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाक्या उघडायच्या आणि नळ्यांतून रॉड मारून घ्यायचा, एवढाच उपाय उरतो. ॲल्युमिनियमचा कोअर असेल तर तोही नाही, सरळ बदलायचा.

१०. मेस्त्री म्हणतात, थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्या उन्हात त्याचं काम काय?

हा सल्ला गावोगाव मिळतो आणि कधी कधी तात्पुरता खराही वाटतो, कारण चिकटलेला थर्मोस्टॅट काढला की पाणी फिरायला लागतं. पण इलाज चांगला थर्मोस्टॅट बसवण्याचा आहे. तो नसेल तर डिझेल इंजिन, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, कामाच्या तापमानाला पोचतच नाही. डिझेल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, रिंगा घासतात.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी, वाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतो, आणि थंड व्हावा म्हणून काढलेल्या थर्मोस्टॅटमुळे ट्रॅक्टर उलट गरम होतो.

तपासणी घरच्या पातेल्यात होते. थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर सोडा. ७१ किंवा ८२ असा जो आकडा त्यावर कोरलेला असेल, तिथे तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना त्यावरचं हलत्या टाचणीचं छोटं छिद्र वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निसटते.

११. रेडिएटरच्या झाकणाने एवढा काय फरक पडतो?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, तिथे उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. ०.९ आकडा असलेलं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाब धरणारं झाकण लावलं की तेच पाणी ११५च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण हा दाब धरत नाही, आणि इंजिनात काहीही बिघाड नसताना ट्रॅक्टर ९८लाच "उकळतो". म्हणून रेडिएटर बदलायच्या आधी झाकण बदला. पण मूळ झाकणावर जो आकडा आहे तोच घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुना होज किंवा टाकीची झाळ आधी सुटते.

झाकणात खालच्या बाजूला एक छोटा उलटा वाल्व्हही असतो. थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत आत घेतो. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर तो वाल्व्ह अडकलाय.

१२. गरम होत नाही, पण दर वेळी थोडं पाणी बाहेर फेकतो. काय बिघडलंय?

बाहेरची बाटली नसलेला जुना रेडिएटर असेल तर बहुधा काहीच नाही. तुम्ही तो काठोकाठ भरताय. २० वरून ९० अंशांवर जाताना पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. चार लिटरला जवळजवळ कपभर. तेवढं बाहेर पडणारच. गळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली पातळी ठेवा, फेकणं थांबेल. तरीही रोज फेकत असेल आणि पातळी खाली जात राहिली, तर प्र. १७ वाचा.

१३. पट्टा नवा टाकला तरी पंखा पाहिजे तसा फिरत नाही.

पुलीच्या खाचेत बघा. व्ही-बेल्ट खाचेच्या दोन बाजूंना धरतो, तळाला नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुली झिजून पट्टा तळाला टेकतोय, कितीही ताणला तरी घसरणारच. दुसरी शक्यता, दुकानदाराने लांबी जुळवून दिली पण पट्ट्याची रुंदी वेगळ्या सेक्शनची निघाली.

ताण: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने नेटाने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. फार ताणलात तर वॉटर पंप आणि डायनॅमोची बेअरिंग जाते. काटा चढतानाच चार्जिंगचा दिवाही लुकलुकत असेल तर दुसरीकडे शोधू नका, पट्टाच आहे.

१४. वॉटर पंप गेलाय हे न खोलता कसं ओळखायचं?

वॉटर पंपाच्या, म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत वॉटर बॉडीच्या, खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असतील किंवा कूलंटचा सुकलेला ओघळ असेल तर आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवू नका, मग पाणी बेअरिंगमध्ये जातं. इंजिन बंद असताना पंखा धरून पुढे-मागे हलवा, खडखड जाणवली तर बेअरिंग गेली.

अवघड केस अशी की गळती नाही, खडखड नाही, पण आतल्या पंख्याची पाती गंजून गेलीत. थंड इंजिनाचं झाकण काढून चालू करा. तापून थर्मोस्टॅट उघडला की गळ्यातून बघा. रेस वाढवल्यावर पाण्याला जोरात ओढ लागली पाहिजे. पाणी नुसतं डुलत राहिलं तर पंप किंवा रेडिएटरच्या नळ्या. खालचा होज गार आणि वरचा कढत, हीसुद्धा तीच खूण.

१५. रेस वाढवली की खालचा होज चपटा होतो.

त्याच्या आत तारेची स्प्रिंग होती, ती गंजून गेली किंवा मागच्या वेळी कोणी साधा होज लावला. पंप खालून ओढतो, मऊ होज आत दबतो, पाणी तुटतं. फक्त जास्त रेसवर गरम होणाऱ्या ट्रॅक्टरचा हा होज आधी बघा. आत स्प्रिंग किंवा कापडाचे जाड थर असलेला घ्या.

१६. हळद, अंडं किंवा मिरपूड टाकली की गळती थांबते म्हणतात. खरं का?

थांबते. भुकटी वाहत जाऊन भोकाशी अडकते आणि फुगते. रात्री नऊला शेतातून ट्रॅक्टर घरी आणायला हळदीने मदत केली असेल तर तिच्यावर रागावू नका. पण ती भोक आणि नळी यांत भेद करत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढून, धुऊन, गळती झाळून घ्या. चार महिन्यांनी रेडिएटर उघडल्यावर निघणारा पिवळा लगदा आम्ही बघितलाय, अंड्याचा वास तर सांगायलाच नको. बाटलीतल्या लीक-स्टॉप औषधालाही हेच लागू.

१७. पाणी कमी होतं, पण बाहेर गळती कुठेच सापडत नाही.

आधी खात्री करा की खरंच नाही. बारीक गळतीचं पाणी गरम इंजिनावर सुकून जातं, पांढरा किंवा हिरवा डाग तेवढा राहतो. पहाटे, इंजिन थंड असताना कार्डबोर्ड पसरून ठेवलेला बरा.

काहीच सापडलं नाही तर हेड गॅस्केटची परीक्षा घ्या. इंजिन थंड. पंख्याचा पट्टा काढा, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, झाकण उघडं ठेवा. चालू करून मिनिटभर, फार तर दोन मिनिटं बघा. पाण्यातून सतत बुडबुडे आले, रेसबरोबर वाढले किंवा पाणी उसळून बाहेर आलं तर जळीत वायू पाण्यात येतोय: गॅस्केट किंवा हेडला तडा. दुसरी खूण: थंड इंजिन चालू करताच मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक. पाणी अजून तापलेलंच नाही, मग एवढा दाब आला कुठून?

हेड खोलावं लागलं तर नुसतं नवं पॅकिंग टाकून बंद करू देऊ नका. स्ट्रेट-एज आणि फीलर गेजने हेडची सपाटी तुमच्यासमोर मोजायला सांगा. ०.१ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त वाकलं असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) लागेलच. मर्यादा पुस्तकात असते. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. "अंदाजाने आवळतो, वीस वर्षं आवळतोय" असं म्हणणाऱ्यांचे ट्रॅक्टर आमच्याकडे दोन महिन्यांनी येतात.

१८. ऑइल दुधासारखं झालंय.

डिपस्टिकवर चहासारखा रंग आणि पातळीही वाढलेली असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलं. इंजिन चालू करू नका, ओढून न्या. अपवाद एकच: थंडीत ट्रॅक्टर रोज पाच-दहा मिनिटंच चालत असेल तर ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस धरतो. ते दंव आहे. डिपस्टिक स्वच्छ असेल तर तासभर लोडवर चालवा, जाईल.

१९. नवा रेडिएटर टाकला, पाच-सहा हजार गेले, तरी गरम होतोच.

तीन गोष्टी बघा. पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर परत बसवलं का? "अडचण होते" म्हणून ते कोपऱ्यात फेकलेलं असतं. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची ओढतो. दुसरं, रेडिएटर आणि बॉनेटमधल्या फटीतल्या रबर-फोमच्या पट्ट्या. त्या नसतील तर मागची गरम हवा पुढे वळून पुन्हा आत शिरते. तिसरं, नवा कोअर. मूळ नळ्यांच्या तीन ओळींचा असेल आणि दुकानातून दोन ओळींचा, विरळ पत्र्यांचा आला असेल, तर रंग नवा आहे पण काम जुन्याहून कमी.

पंखा उलटा बसवलाय का हेही बघा. उलट्या पंख्याचा वारा दिशा बदलत नाही, त्यामुळे हात लावल्यावर कळत नाही. फक्त वारा कमी होतो.

२०. काटा पूर्ण लालवर, पण इंजिन तेवढं गरम वाटत नाही.

बहुतेक जुन्या विजेवरच्या मीटरमध्ये सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली की काटा थेट लालवर जातो. वायर सेन्सरपासून काढा. काटा खाली आला नाही तर वायर किंवा मीटर, आला तर सेन्सर. हजार-दीड हजारातली थर्मामीटर गन घेतलीत तर वाद मिटतो. चकाकत्या धातूवर ती चुकते, थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून तिथे मोजा.

उलटी केस जास्त धोक्याची: वाफ निघतेय आणि काटा शून्यावर. पाणी इतकं कमी झालंय की सेन्सर कोरडा पडलाय, तो वाफेचं तापमान नीट दाखवत नाही. काट्यावर नाही, नाकावर विश्वास ठेवा.

२१. पाणी बदलल्यापासूनच गरम व्हायला लागला.

आत हवा अडकली. ट्रॅक्टरचं तोंड चढाला करून उभा करा, हळू भरा, झाकण उघडं ठेवून हळू रेसवर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, वरचा होज मधूनमधून दाबा. बुडबुडे निघतील, पातळी एकदम खाली जाईल, पुन्हा भरा. हेडवर हवा काढायचा स्क्रू असेल तर पाण्याची सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. तासभर बुडबुडे थांबतच नसतील तर ती हवा नाही, प्र. १७.

२२. एका ओळीत जाताना गरम, उलट येताना ठीक. असं कसं?

वाऱ्यामुळे. मागून येणारा वारा पंख्याच्या विरुद्ध बाजूने ढकलतो, इंजिनाची गरम हवा तुमच्यासोबतच चालत राहते. शिवाय ब्लोअरचा तुषार पुढे येतो. रेडिएटर स्वच्छ असेल तर एवढा फरक ट्रॅक्टर सहन करतो. नसेल तर या ओळीत तो पहिल्यांदा बोलतो. ओळीला चढ आहे का तेही बघा, चढाला लोडही वाढतो.

२३. आमच्या जुन्या इंजिनाला वॉटर पंपच नाही. कोणी काढून टाकला का?

कदाचित कधी नव्हताच. काही जुन्या छोट्या इंजिनांत गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं, तेवढ्यावर फिरतं. अशा इंजिनात पातळी वरच्या होजच्या तोंडाखाली गेली की फेराच तुटतो, म्हणून अर्धा लिटर कमी असलेलंही चालत नाही. थोडा क्षारही लवकर जाणवतो. आयशरच्या जुन्या एक सिलिंडरच्या एअर-कूल्ड ट्रॅक्टरला तर पाणीच नसतं. तिथे सिलिंडरच्या पाकळ्यांमधली ऑइल-धुळीची खरपुडी खरवडून काढणं आणि वारा वळवणारे पत्रे जागेवर असणं, एवढंच सांभाळायचं.

२४. सेकंड हँड घेतोय. बघायला गेल्यावर काय तपासू?

इंजिन थंड असताना झाकण उघडा. तपकिरी गढूळ म्हणजे नुसतं पाणी वापरलंय, वर ऑइलची चकाकी म्हणजे गॅस्केट, पिवळसर असेल तर वास घ्या, हळद ओळखू येते. वरचा होज दाबून बघा, हेडच्या कडेला नवं गॅस्केट शेलॅक (सांधा बंद करायचा चिकट लेप) लावलेलं दिसतं का बघा. मग ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडून सलग चाळीस मिनिटं चालवायला सांगा, अंगणात दहा मिनिटं नाही. आणि तुम्ही पोचलात तेव्हा इंजिन आधीच गरम असेल, तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता परत जा.